बर्फातली ती खाच

२८ जानेवारी १९५९. उत्तर उरल पर्वतातल्या एका ओसाड पडलेल्या वस्तीवर दहा जणांच्या तुकडीतला एक जण मागे फिरत होता. त्याचे नाव युरी युदिन. दुखण्याने पाय असा धरला होता की स्कीवर उभे राहणेही कठीण झाले होते. निघताना ल्युद्मिला दुबिनिना हिने त्याला कडकडून मिठी मारली आणि कोणीतरी तेवढ्यात कॅमेऱ्याची कळ दाबली. ते छायाचित्र आजही पाहायला मिळते. पंधरा-वीस दिवसांत पुन्हा भेटणाऱ्यांच्या चेहऱ्यावर असते तसेच हसू दोघांच्या चेहऱ्यावर आहे. युदिन परतला. बाकीचे नऊ जण उत्तरेकडे निघून गेले.

ही सगळी मंडळी स्वेर्दलोव्स्क, म्हणजे आजच्या येकातेरिनबुर्ग शहरातल्या उरल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटच्या परिवारातली. कोणी शिकत होते, तर कोणी नुकतेच पदवी घेऊन नोकरीला लागले होते. नेता इगोर द्यात्लोव्ह तेवीस वर्षांचा होता. रेडिओ अभियांत्रिकीचा हा विद्यार्थी हाताने काहीबाही घडवण्यात पटाईत होता. तंबूत टांगायची शेगडीही त्याने स्वतः बनवली होती. तुकडीत दोन मुली होत्या, झिनाइदा कोल्मोगोरोवा आणि ल्युद्मिला. महायुद्धात लढलेला सेम्यॉन झोलोतार्योव्ह तेवढा सदतीस वर्षांचा, बाकी सगळे विशीतले. त्यांनी निवडलेली मोहीम त्या काळच्या सर्वांत अवघड श्रेणीची होती आणि लक्ष्य होते ओतोर्तेन पर्वत. नवखे त्यांच्यात कोणीच नव्हते, हे आधीच सांगून ठेवले पाहिजे. पुढे या प्रकरणावर जे काही लिहिले गेले, त्यात ही गोष्ट फार वेळा विसरली गेली.

१ फेब्रुवारीला त्यांनी जास्तीचा शिधा खाली दरीत पुरून ठेवला आणि ते खिंडीच्या दिशेने चढू लागले. वारा उलटा होता, समोरचे दिसत नव्हते. दिवस मावळायला आला तेव्हा ते खोलात स्याखल या डोंगराच्या उघड्या उतारावर होते. तिथल्या मान्सी लोकांच्या भाषेत या नावाचा अर्थ ‘मृत पर्वत’. खाली दीड किलोमीटरवर जंगल होते, आडोसा होता, सरपण होते. पण कष्टाने चढलेली चढण रात्रीपुरती उतरायची आणि सकाळी पुन्हा चढायची, हे कोणत्याही गिर्यारोहकाच्या जिवावर येते. सह्याद्रीत पाठीवर सॅक घेऊन फिरलेल्यालाही ते सांगायला नको. त्यांनी तिथेच मुक्काम ठरवला. उतारावर तंबू लावायचा तर जागा सपाट करावी लागते. म्हणून त्यांनी बर्फ कापायला घेतला.

या क्षणाचेही छायाचित्र आहे. भुरभुरत्या बर्फाच्या पडद्याआड काही आकृती वाकलेल्या आहेत आणि उतारात खोल खाच खणत आहेत. समोर बर्फाची उभी भिंत तयार होते आहे. पुढची साठ वर्षे हे छायाचित्र हजारोंनी पाहिले. सारे जग ज्या उत्तरासाठी झगडत होते, ते त्यातच होते.

मोहीम संपताच द्यात्लोव्ह विझाय गावातून तार करणार होता. १२ फेब्रुवारी उलटली, तार आली नाही. मोहिमांना उशीर होतोच, म्हणून आरंभी कोणी फारसे मनावर घेतले नाही. मग घरच्यांचा धीर सुटला आणि २० फेब्रुवारीला शोधकार्य सुरू झाले. २६ तारखेला मिखाइल शाराविन आणि बोरिस स्लोबत्सोव्ह या त्याच संस्थेतल्या विद्यार्थ्यांना उतारावर काहीतरी काळे दिसले. तो तंबू होता, अर्धा कोसळलेला आणि बर्फाने झाकलेला. आत माणूस एकही नव्हता. बूट, कोट, अन्न, डायऱ्या, कॅमेरे, सगळे जागच्या जागी होते. तळाशी स्की ओळीने अंथरलेल्या, त्यांच्यावर पाठपिशव्या आणि पांघरुणे.

तंबूचे कापड फाटलेले होते. एखाद्या हल्लेखोराने ते बाहेरून फाडले असावे, असा तर्क आरंभी झाला. तो तंबू तपासासाठी जवळच्या इव्हदेल शहरात आणून टांगला गेला. असे सांगतात की गणवेशाच्या कामासाठी तिथे आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईची नजर त्यावर पडली. कापडाच्या धाग्यांची तिला उपजत ओळख. हे कापड आतून कापले आहे, असे तिने सहज सांगितले. पुढे तज्ज्ञांच्या तपासणीत तेच सिद्ध झाले. या प्रकरणातला पहिला खरा शोध त्या शिवणाऱ्या बाईचा, असे मला नेहमी वाटते. तिच्या एका वाक्याने प्रश्नच पालटला. आत कोण शिरले, हा प्रश्न मागे पडला आणि आतले लोक दाराऐवजी भिंत कापून का बाहेर पडले, हा पुढे आला.

तंबूपासून पावलांच्या खुणा जंगलाकडे उतरत होत्या. कोणी नुसत्या मोज्यांवर चालले होते, कोणी अनवाणी. खाली एका उंच सायबेरियन पाइनच्या बुंध्याशी विझलेल्या शेकोटीची राख होती आणि तिच्याजवळ दोरोशेन्को आणि क्रिवोनिशेन्को यांचे देह. अंगावर आतले कपडे तेवढे होते. झाडाच्या फांद्या पाच मीटर उंचीपर्यंत मोडलेल्या होत्या. झाड आणि तंबू यांच्या मधल्या पट्ट्यात द्यात्लोव्ह, स्लोबोदिन आणि झिनाइदा एकमेकांपासून दूर दूर सापडले. परत तंबू गाठण्याच्या धडपडीत ते गारठून कोसळले असावेत, असे त्यांच्या स्थितीवरून दिसत होते. उरलेले चौघे मात्र सापडेनात. मार्च गेला, एप्रिल गेला. शोध घेणारे लांब सळया बर्फात खुपसत राहिले.

४ मे रोजी त्या झाडापासून ७५ मीटरवरच्या एका घळीत, चार मीटर बर्फाखाली, ते चौघे मिळाले. तिथे गूढ आणखी गडद झाले. तिबो-ब्रिन्योलच्या कवटीला मोठा तडा गेला होता. दुबिनिना आणि झोलोतार्योव्ह यांच्या बरगड्या मोडल्या होत्या. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी या आघाताची तुलना वेगवान मोटारीच्या धडकेशी केली, पण बाहेरून त्या मानाने जखम दिसत नव्हती. दुबिनिनाचे डोळे आणि जीभ नव्हती. काही कपड्यांवर किरणोत्साराचा अंश आढळला. २८ मे १९५९ रोजी तपास अधिकारी लेव्ह इव्हानोव्ह यांनी प्रकरण बंद केले. ज्या नैसर्गिक शक्तीवर मात करणे या मंडळींना शक्य नव्हते, अशा शक्तीने त्यांचा बळी घेतला, असा निष्कर्ष नोंदवला गेला. ती शक्ती कोणती, याचा उल्लेख नव्हता. त्या परिसरात जायला तीन वर्षे बंदी घातली गेली. पुढे त्या खिंडीला नाव मिळाले द्यात्लोव्ह खिंड.

सरकार गप्प बसले की लोक बोलू लागतात. आपली पवित्र भूमी बाटली म्हणून मान्सींनी मारले, हा संशय तर तपासाच्या पहिल्याच दिवसांत आला आणि तितक्याच लवकर निकालात निघाला. उलट शोधकार्यात मान्सी स्वतः राबले होते. मग छावण्यांतून पळालेले कैदी आले, गुप्तहेर आले, गुप्त क्षेपणास्त्र चाचण्या आल्या, आकाशात दिसलेले अग्निगोल आले. १९९० मध्ये खुद्द इव्हानोव्ह यांनीच या अग्निगोलांवर लेख लिहिला तेव्हा तर संशयाला राजमान्यताच मिळाली. २०१३ मध्ये अमेरिकी लेखक डॉनी आयकर यांनी वाऱ्याचा सिद्धान्त मांडला. डोंगराच्या माथ्यावरून वाहताना वाऱ्याचे भोवरे सुटतात, त्यांतून कानाला न जाणवणारा खालच्या पट्टीतला नाद उठतो आणि माणूस भयाने बेभान होतो, असे त्यांचे म्हणणे. कोणी हिममानवालाही आणून उभे केले. २०१९ मध्ये रशियन सरकारी वकिलांनी प्रकरण पुन्हा उघडले, तेव्हा त्यांच्यासमोर ७५ तर्क होते. त्यांनी नैसर्गिक कारणांचे तीनच विचारात घेतले.

त्यांत हिमस्खलन होते. ही कल्पना नवी नव्हती, सोव्हिएत काळातल्या गिर्यारोहकांनीही ती मांडली होती. पण प्रत्येक वेळी ती चार खडकांवर आपटून फुटे. पहिला, शोधपथकाला हिमस्खलनाच्या ठळक खुणा दिसल्या नव्हत्या. दुसरा, हिम घसरायला साधारण तीस अंशांचा उतार लागतो आणि हा तर त्याहून सौम्य दिसत होता. तिसरा आणि सर्वांत अवघड, बर्फ कापला संध्याकाळी आणि घात झाला मध्यरात्रीनंतर. खाच खणताना जो उतार कोसळला नाही, तो इतक्या तासांनी कशाने कोसळावा? आणि चौथा, हिमस्खलनात माणसे बहुधा गुदमरून मरतात, त्यांच्या बरगड्या अशा मोडत नाहीत. जुलै २०२० मध्ये सरकारी वकिलांनी हिमस्खलनाचाच निर्णय दिला, पण या चार प्रश्नांना पटणारे उत्तर दिले नाही. मृतांच्या नातेवाइकांनी तो निर्णय मानला नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे योहान गोम या तरुण संशोधकाचा फोन वाजला होता. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराला द्यात्लोव्ह प्रकरणावर तज्ज्ञाचे मत हवे होते. गोम बर्फ आणि हिमस्खलन यांची संगणकीय प्रतिरूपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख, पण हे नाव त्यांनी तोवर ऐकलेही नव्हते. ठाऊक नाही म्हणून ते विषय सोडून देऊ शकले असते. त्यांनी फोन ठेवला, फळ्यावर काही समीकरणे लिहिली आणि साठ वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीत शिरले.

त्यांना जोडीदार मिळाला झुरिकचा. अलेक्झांडर पुझ्रिन हे तिथल्या तंत्रविद्यापीठात भूतंत्राचे प्राध्यापक. रशियात वाढलेल्या पुझ्रिन यांना या नऊ जणांची कथा नव्याने सांगावी लागणार नव्हती. आणि योगायोग असा, की भूकंपानंतर हिमस्खलन लगेच न होता काही मिनिटांनी किंवा काही तासांनी का होते, यावर त्यांनी नुकतेच संशोधन प्रसिद्ध केले होते. धक्का आत्ता बसतो आणि कोसळणे नंतर घडते, मधल्या वेळात आत काहीतरी शिजत असते. द्यात्लोव्ह प्रकरणातला तिसरा खडक नेमका हाच होता. मात्र एक अडचण होती. १ फेब्रुवारीच्या त्या रात्री भूकंप झाला नव्हता. मग उताराला धक्का दिला कोणी?

उत्तर त्या जुन्या छायाचित्रात होते.

मुलांनी कापलेली ती खाच! उतारावरच्या बर्फाचा थर खालच्या थराच्या आधाराने उभा असतो. पायथ्याशी खाच पडली आणि वरच्या थराचा आधार निघाला. तरीही तो लगेच सुटला नाही, कारण त्याचे वजन अजून पेलण्याजोगे होते. पण माथ्यावरून उतरणारा थंड, जड वारा रात्रभर कोरडा हिम वाहून आणत होता आणि तंबूच्या वरच्या बाजूला ओतत होता. थर मुठीमुठीने जड होत गेला. त्याच्या खाली साखरेच्या दाण्यांसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे हिमस्फटिक होते. त्या भुसभुशीत थरात बारीकशी फट पडली आणि दिसेल न दिसेल अशी पुढे सरकत राहिली. आत नऊ जण एकमेकांना खेटून झोपले होते. गोम आणि पुझ्रिन यांनी हे सगळे गणितात मांडले आणि खाच खणण्यापासून वरच्या थराची लादी सुटेपर्यंतचा वेळ काढला. तो निघाला साडेसात ते साडेतेरा तास. शवविच्छेदनावरून बांधलेला घाताच्या वेळेचा अंदाज नेमका याच अवधीत बसत होता.

त्या दोघांना त्या क्षणी काय वाटले असेल? साठ वर्षे ज्या प्रश्नाने हा तर्क मोडून काढला होता, तोच आता तर्काचा पुरावा होऊन उभा होता. उशीर ही अडचण राहिलीच नव्हती. उशीर व्हायलाच हवा होता.

मग उताराचा खडक फुटला. दुरून पाहिले तर खोलात स्याखलची ही बाजू सौम्य वाटते. पण बर्फाचे काम असे की ते खाचखळगे भरून वरून सगळे गुळगुळीत करते. तंबूच्या वरची जमीन पायऱ्यापायऱ्यांची होती आणि नेमक्या त्या जागी स्थानिक उतार सुमारे २८ अंशांचा होता. साखरेच्या दाण्यांसारखा थर खाली असेल तर घसरायला तेवढा पुरतो. आणि सुटलेली लादी लहानशी असल्याने मागे मोठा ढिगारा राहायचे कारणच नव्हते.

राहिल्या बरगड्या. इथे गोम यांची पावले अशा ठिकाणी वळली की जिथे हिमशास्त्रज्ञ सहसा जात नाही. २०१३ मध्ये डिस्नेचा ‘फ्रोझन’ हा चित्रपट आला होता. त्यातला बर्फ ज्या खरेपणाने हलतो, घसरतो, फुटतो, त्याने गोम थक्क झाले होते. ते हॉलिवूडला गेले, त्या बर्फामागच्या तज्ज्ञाला भेटले आणि मुलांच्या चित्रपटासाठी रचलेली ती संगणकीय पद्धत त्यांनी हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी वळवून घेतली. आता त्यांच्याकडे बर्फ होता, पण तो ज्या देहांवर कोसळणार ते कसे मोडतात याची मोजमापे नव्हती. तीही दुसऱ्याच दारी सापडली. १९७० च्या दशकात जनरल मोटर्सने आसनपट्ट्यांच्या सुरक्षिततेसाठी शंभर मृतदेहांवर आघातांच्या चाचण्या केल्या होत्या. अंगावर काटा आणणारी ही नोंद आता उपयोगी पडली. त्यांतल्या काही चाचण्यांत देहाच्या पाठीला कठीण आधार दिला होता. द्यात्लोव्हच्या तंबूतले लोकही असेच होते, कारण ते कठीण स्कींवर पाठ टेकून झोपले होते. वरून लादी आणि खाली न दबणारी जमीन. संगणकाने दाखवले की पाच मीटर लांबीची एवढीशी लादीदेखील अशा माणसाच्या बरगड्या आणि कवटी मोडू शकते. मात्र त्या घावाने जीव लगेच जात नाही.

हे शेवटचे वाक्य मला या संपूर्ण शोधाचा गाभा वाटते. जीव लगेच गेला नव्हता! म्हणजे तिघे जबर जखमी होते. बाहेर तापमान उणे २५ अंशांच्या खाली, काळोख आणि वारा. पुन्हा लादी येईल या भीतीने बाकीच्यांनी कापड फाडून वाट काढली आणि बूट-कोट शोधायला न थांबता सगळे दीड किलोमीटर खाली उतरले. जखमींना त्यांनी मागे टाकले नाही. झाडाखाली आग पेटवली. घळीत फांद्या अंथरून आडोसा केला. दोघे गेल्यावर त्यांचे कपडे काढून जिवंत असलेल्यांना घातले. तिघे तंबूकडे परत निघाले. कित्येक दशके या हालचालींना वेडाचा झटका ठरवले गेले. त्या रात्री ते वेडे झाले नव्हते. शेवटच्या श्वासापर्यंत ते एकमेकांना वाचवत होते. हिममानव आणि अग्निगोल यांच्या गर्दीत त्यांची ही माणुसकी झाकली गेली, याचा राग यायला हवा.

हे संशोधन २८ जानेवारी २०२१ रोजी ‘कम्युनिकेशन्स अर्थ अँड एन्व्हायरन्मेंट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले, म्हणजे युदिन मागे फिरला त्याला बरोबर बासष्ट वर्षे झाली त्या दिवशी. आपण सगळेच कोडे सोडवले, असा दावा त्या दोघांनी केला नाही. किरणोत्साराचा प्रश्न त्यांनी हाताळला नाही. तुकडीतला क्रिवोनिशेन्को हा १९५७ च्या अणुअपघाताने कुप्रसिद्ध झालेल्या मायाक प्रकल्पात कामाला होता, एवढे मात्र नोंदले पाहिजे. डोळे आणि जीभ यांच्याबाबत तीन महिने बर्फाखाली, वाहत्या पाण्यात राहिलेल्या देहाचे काय होते, हेही लक्षात घ्यावे लागते. तरीही अनेकांना हे उत्तर रुचले नाही. एवढ्या मोठ्या रहस्याच्या तळाशी बर्फाचा एक तुकडा निघावा, हे त्यांना पटेना. विशेषतः एक आक्षेप सतत येत राहिला, की या डोंगरावर कोणी कधी हिमस्खलन पाहिलेलेच नाही.

तेव्हा २०२१ आणि २०२२ मध्ये लोक पुन्हा त्या खिंडीत गेले. ड्रोनने उतारांची मोजणी झाली आणि तंबूच्या वरची जमीन पुरेशी तीव्र असल्याचे दिसले. जानेवारी २०२२ च्या अखेरीस, म्हणजे वर्षाच्या त्याच दिवसांत, दोन अनुभवी वाटाडे तिथे पोचले. धुके हटले तेव्हा त्यांना समोर नुकत्याच सुटलेल्या लाद्यांच्या खुणा दिसल्या. त्यांनी घाईने चित्रण करून घेतले.

युरी युदिन यांनी हे काहीच पाहिले नाही. आपल्या मित्रांना काय झाले, हा एकच प्रश्न देवाला विचारायचा आहे, असे ते म्हणत. एप्रिल २०१३ मध्ये ते गेले आणि येकातेरिनबुर्गच्या मिखाइलोव्स्कोये दफनभूमीत आपल्या सोबत्यांजवळ विसावले.

त्या वाटाड्यांना दिसलेल्या खुणा वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाखाली तासाभरातच दिसेनाशा झाल्या. १९५९ मध्ये शोधपथक त्या तंबूपाशी पोचले होते पंचवीस दिवसांनी.